दौलत अण्णांचा निरोप

प्रिय शुभा,

दौलत अण्णांनी तुला निरोप दिलाय. काल सकाळी तुझा फोन वाजला, मी उचलला, त्यांनी निरोप सांगितला आणि मी "सांगतो" म्हणून बसलो. आता शब्द दिलाय तर पोचवायला हवा. कसा पोचवायचा ते कळेना, म्हणून कागद घेऊन बसलोय. तर निरोप असा आहे, की या वेळी तुझा मेसेज चुकला.

तू गेलीस हे अण्णांना माहीतच नाही गं. कसं असणार? दिंडोरी-निफाडकडचे तुझे द्राक्षबागायतदार दहाव्याला येऊन गेले, पण अण्णा पार कळवणच्या पुढे, आणि त्यांच्या फोनवर रोज सकाळी सातला तुझ्या नावाने मेसेज येतोच आहे. 'आज डावण्याचा धोका कमी. फवारणीची गरज नाही. – शुभदा मॅडम.' जिचा रोज सकाळी मेसेज येतो ती बाई थंडीतच गेली, असं कोण कशाला समजेल? माझंच अधूनमधून चुकतं.

कारण तो मेसेज मलाही येतो ना. मेसेज पाठवणारा तुझा प्रोग्रॅम नीट चालतो की नाही हे बघायला यादीत पहिला नंबर तू माझा घातला होतास, आणि तो काढायचा राहूनच गेला. माझ्याकडे द्राक्षाचा एक वेल नाही. गॅलरीत तुळस आणि तुझं ते हट्टी अनंताचं झाड. पण रोज सातला तू मला कळवतेस की आज फवारणीची गरज नाही. चहा गाळता गाळता मी "बरं" म्हणतो.

लग्नानंतर कितीतरी दिवस डावण्या हे मला कुणा माणसाचं नाव वाटायचं. तू मला एका बागेत नेलंस, पान उलटं केलंस, वरचा तेलकट डाग आणि खालची पांढरी बुरशी दाखवलीस आणि म्हणालीस, "हा बघा आमचा डावण्या. रात्रभर पान ओलं राहिलं की हा आलाच." मी घाबरून हात मागे घेतला होता आणि तू आणि तो बागवाला मनसोक्त हसला होतात. आठवतंय?

कालचा फोन असा झाला. मी हॅलो म्हटलं, तर पलीकडून, "मॅडम हायेत का?"

"नाहीत," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

"मंग सर, एवढं सांगा त्यांना. म्हणा रागवू नका, पण या टायमाला मेसेज चुकला. आमची छाटणी लवकर, पावसातली. रोज धोका कमी, धोका कमी येत राह्यलं, म्हणून मी बी औषध मारलं नाय. आता खालच्या तुकड्यात घडावर डावण्या उतरला ना."

"पूर्ण गेला का तुकडा?"

"गेल्यातच जमा हे. वरला वाचला तसा. जाऊ द्या, होतं असं. मॅडमची तब्येत बरी हे ना पण? मी रोज राम राम टाकतो, पण त्यांचं उलट काहीच येत नाय. म्हणून जिवाला लागलं."

मी म्हणालो, "सांगतो त्यांना." आणि फोन ठेवला.

शुभा, बँकेच्या संगणक विभागात मी उभी हयात काढली. यंत्रणा बंद पडली की चिडलेल्या मॅनेजरांशी कसं बोलायचं, हे मी पोरांना शिकवायचो. पण 'माझी बायको वारली' एवढं एक वाक्य मला त्या भल्या माणसाला सांगता आलं नाही. आणि तो चिडलेलासुद्धा नव्हता. चिडला असता तर कदाचित जमलं असतं.

मग मी ऋतुजाला फोन केला. तुझी शेवटची विद्यार्थिनी ती, पण मला अजून काका म्हणते, आणि पुण्यात नोकरी लागली तरी मधूनमधून येऊन, प्रोग्रॅम ज्यावर चालतो तो कॉलेजातला तुझा संगणक चालू आहे ना, एवढं बघून जाते. आज दुपारी आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "काका, मॅडमचा फोन द्या."

तुझा फोन मी चालू ठेवलाय. रिचार्ज संपत आलं की करतो. का करतो ते विचारू नकोस. ऋतुजाने तो हातात घेतला, मेसेज उघडले आणि वर सरकवत राहिली. 'राम राम मॅडम, पाने ओली हायेत.' 'राम राम, आज कोरडी.' 'मॅडम, काल खालच्या तुकड्यात दव नऊपर्यंत होतं.' 'एक डाग दिसला, फोटो पाठवू का.' अण्णांचे, आणि अण्णांसारखे आणखी कितीतरी. तू गेल्यावरही दिंडोरीवाल्यांनी बरेच दिवस सवयीने पाठवले, मग ते बंद झाले. अण्णांचे अजून चालू आहेत.

"काका, तुम्ही हे वाचत होता?"

"वाचायचो. बरं वाटायचं. लोक अजून नमस्कार करतात म्हणून."

तिने फोन माझ्यासमोर धरला. "काका, हा नमस्कार नाही हो. हे इनपुट आहे."

मला तुझी सकाळ आठवली. पहाटेचा चहा, मांडीवर लॅपटॉप, कानामागे चष्म्याची दोरी आणि एका हातात फोन. मी म्हणायचो, "भरला का तुझा बाजार? सकाळी सकाळी कसल्या एवढ्या गप्पा?" तू मान वर न करता म्हणायचीस, "गप्पा नाहीत हो, नाडी बघतेय." मला ते नुसतं म्हणण्यापुरतं वाटलं. तू शब्दशः सांगत होतीस! हवामानाचं यंत्र सांगायचं पाऊस किती, गारवा किती. पण अण्णांचा खालचा तुकडा ओढ्याला लागून खोलगट, तिथे दव बसून राहतं, ते त्या यंत्राला कुठून दिसणार? ते अण्णा सांगायचे आणि तू हाताने आत टाकायचीस. थंडीपासून ते कुणीच टाकलेलं नाही. प्रोग्रॅम नुसत्या यंत्रावर चालला, आणि तुझ्या नावाने चुकत गेला.

आणि हे सगळं नेमकं आत्ताच कळायचं होतं. कारण गेल्या आठवड्यात मला कॉलेजने बोलावलं होतं. तुझ्या जागी आता एक तरुण विभागप्रमुख आहेत. सज्जन माणूस, मला खुर्ची द्यायला स्वतः उठले. म्हणाले, "सर, मॅडमचा प्रोग्रॅम आम्हाला मरू द्यायचा नाही, पण चालवायला माणूसही नाही. ओपन सोर्स करून टाकावा असा विचार आहे. सगळ्यांना खुला. ज्याला येईल त्याने वाचावा, सुधारावा, लोकांनी मिळून वाढवावा. तो तसं करण्याजोगा आहे का, एवढं दोन पानांत लिहून द्या. त्यांनी बराचसा घरी बसून लिहिलाय, त्यामुळे तुमची संमतीही लागेल. आणि तुम्ही तर कॉम्प्युटरमधलेच."

कॉम्प्युटरमधला खरा, पण तुझ्या कॉम्प्युटरमधला कुठे होतो मी?

त्यांनी काही प्रश्न आधीच काढून ठेवले होते. मॅडमखेरीज यात कुणी काही लिहिलंय का? थोडंसं ऋतुजाने. नव्या माणसाला वाचून समजेल असं काही टिपण आहे? नाही. आणि उद्या कुणा परक्या माणसाने एखादा बदल सुचवला, तर तो बरोबर की चूक हे कोण ठरवणार?

"ती ठरवायची," मी म्हणालो.

त्यांनी प्रश्नांचा कागद बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "हो सर. पण आता?"

मी समोरचा ग्लास उचलून पाणी प्यायलो. दुसरं काय करणार होतो?

दोन पानांतलं एक वाक्य लिहून झालंय. 'सदर प्रोग्रॅम माझ्या दिवंगत पत्नीने तयार केला आहे.' त्याच्यापुढे गाडी सरकत नाही.

आता तुझ्यावर थोडा रागावतो, ऐकून घे. हे सगळं खुलं कर, असं तुला मी कितीदा म्हणालो होतो? ऋतुजा तर मागेच लागली होती. आणि तुझं एकच, "आधी आवरते, मग." पाहुणे यायचे म्हटलं की तू तसंच करायचीस. पसारा मागच्या खोलीत लोटायचा, चादर बदलायची, कपड्यांचा ढीग पलंगामागे आणि मगच कडी काढायची. एकदा तुझ्या सख्ख्या बहिणीला बाहेर जिन्यात उभं ठेवलं होतंस. ती बाहेरून ओरडतेय, "अगं, मी आहे मी," आणि तू आतून, "हो हो, आलेच!" प्रोग्रॅमचंही तेच केलंस. नावं नीट करते, मग. जुनं काढून टाकते, मग. दवाखान्यातही लॅपटॉप मागत होतीस. मी दिला नाही. डॉक्टर नको म्हणाले होते, मी तरी काय करू?

मी म्हटलं होतं, मी आवरून देतो. त्यावर तू म्हणालीस, "नको, तुमचं बँकेतलं सरळ रेषेतलं काम. इथे तुम्ही शेतात इस्त्री कराल." मी हसलो होतो तेव्हा. आज नाही हसू येत.

तुझं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. तू म्हणायचीस, एकदा दार उघडलं की येणाऱ्या प्रत्येकाशी बोलायला बसावं लागतं. हे घेतो, ते का नको, हे कसं चुकतंय. "मी बागेत जाऊ, की घरी बसून लोकांना नको म्हणत बसू?" आणि दुसरी भीती औषधवाल्यांची. कुणीतरी तुझा प्रोग्रॅम उचलेल, रोज 'धोका जास्त' दाखवील आणि डबे खपवील. तेही तुझ्याच नावावर. तेव्हा मला वाटायचं, ही फार पुढचा विचार करते. आज बघ, तुझं नाव लावून चूक करायला औषधवाल्यांचीसुद्धा गरज पडली नाही.

आज ऋतुजाने आणि मी बसून तो कोड उघडला. पहिल्यांदाच मी तो नीट वाचला. अगं, काय लिहून ठेवलंयस! एका जागी नुसतं लिहिलंय 'दौलत अण्णा', आणि त्याखाली ओलाव्याचे दोन तास वाढवलेत. का, कशासाठी, एक अक्षर नाही. दुसऱ्या जागी 'वणीच्या ताई', तिथे अर्धा तास कमी. ऋतुजाला विचारलं तर म्हणाली, "त्या ताई फार घाबरट आहेत काका, दोन थेंब पडले तरी पाने चिंब म्हणून कळवतात. मॅडम प्रत्येकाच्या बोलण्याचा अंदाज धरायच्या. अण्णांचं 'जराशी ओली' म्हणजे खरंच ओली, कारण अण्णा वाढवून सांगत नाहीत."

मी म्हटलं, "आणि हे जगातल्या कुणा प्रोग्रॅमरला कळणार?"

"विचारतील ते, काका. ओपन सोर्समध्ये लोक विचारतात."

"कुणाला विचारतील?"

तिला रडवायचं नव्हतं मला, पण तिचे डोळे भरले.

मग तिनेच खाली बोट दाखवलं. "काका, हे बघा." कोडचा एक छोटासा भाग, नाव 'अविनाश'. काम एकच, थांबायचं. सगळ्यांची पाने कशी आहेत ते आत येईपर्यंत थांबायचं, आणि ठरावीक वेळ होऊनही काही आलं नाही तर पुढे जायचं.

चारचौघांत माझं नाव घ्यायचं म्हटलं की तुला उखाणा आठवायला लागायचा. घरात तर जन्मभर 'अहो'. आणि इथे खुशाल लिहिलंयस! ऋतुजा म्हणाली, "मी एकदा विचारलं होतं मॅडमना. म्हणाल्या, आमच्या घरात थांबायचं काम यांच्याकडेच असतं." बरोबर आहे. तू बागेतून यायचीस तेव्हा गंगापूर रोडच्या स्टॉपवर, तू कॉलेजातून सुटायचीस तेव्हा फाटकाशी, तुझे रिपोर्ट यायचे तेव्हा दवाखान्याच्या त्या बाकावर. थांबणं मला येतं.

म्हणजे थंडीपासून रोज सकाळी तुझा प्रोग्रॅम माझ्या नावाने थांबतोय. कुणीतरी आत काही टाकेल म्हणून. फोन माझ्या उशाशी, त्यात अण्णांचा राम राम, आणि मी शेजारी बसून चहा पितोय.

आता तूच सांग, त्या दोन पानांत काय लिहू? हा प्रोग्रॅम लोकांनी मिळून वाढवण्याजोगा आहे का? माणसं आहेत गं. ज्यांना पान कळतं त्यांना कोड वाचता येत नाही. ज्यांना कोड वाचता येतो त्यांनी पान उलटं करून बघितलेलं नाही. मधे तू होतीस. तुझ्या जागी कुणी बसल्याशिवाय हा खुला केला तर कुठेतरी पडून राहील, आणि बंद ठेवला तर कॉलेजच्या कोपऱ्यात पडून राहील. मला दोन्हीत फरक दिसत नाही. ऋतुजाला दिसतो. ती म्हणते, उघड्यावर पडलेलं निदान कुणाच्या तरी नजरेला पडतं. तिचं वय आहे असं वाटायचं, वाटू दे.

मी तिला म्हटलं, "मीच रोज बसून टाकतो ना अण्णांचं. मला वेळच वेळ आहे."

ती म्हणाली, "टाकाल काका. पण कुणाचं किती धरायचं ते दर छाटणीला बदलतं. मॅडम बागेत जाऊन, पाने बघून ते आकडे बसवायच्या. गेल्या वर्षीचे आकडे घेऊन किती दिवस चालवणार? आणि आणखी कुणाचा तुकडा गेला तर?" आणि मग म्हणाली, "चुकीचा मेसेज जाण्यापेक्षा न गेलेला बरा. तुम्ही सांगाल तेव्हा बंद करते. तुम्ही सांगितल्याशिवाय मी नाही करणार."

माझ्यावरच टाकलं तिनेही. सगळे इतक्या मायेने माझ्यावर टाकतात की नाही म्हणता येत नाही. तिला काय सांगू, की बंद केलं तर अण्णांचं जे व्हायचं ते होईल, पण सकाळी सातला मी काय करू?

पण अण्णांचा तुकडा गेलाय. त्याच्यापुढे माझ्या चहाचं काय.

म्हणून ठरवलंय. ठरवलंय म्हणजे दुसरं काही करता येत नाहीये. उद्याचा मेसेज शेवटचा. तो गेला की ऋतुजा बंद करील आणि मी सीबीएस स्टँडवरून कळवणची गाडी धरीन. अण्णांना फोनवर नाही सांगणार, समोर बसून सांगीन. कुठल्या शब्दांत, ते वाटेत वणीपर्यंत सुचेल, नाही सुचलं तर तसाच उतरेन. खालच्या तुकड्यात त्यांच्याबरोबर जाऊन पान उलटं करून बघीन, या वेळी हात मागे न घेता. ते तुझ्यावर रागावलेले नाहीत एवढं नक्की. त्यांना तुझ्या तब्येतीची काळजी आहे.

परत आल्यावर संमतीच्या कागदावर सही करीन. योग्य आहे की नाही ते मला कळत नाही, असंच लिहीन दुसऱ्या वाक्यात. आणि शुभा, तुला आवडणार नाही, पण मी काही आवरणार नाहीये. दौलत अण्णा, वणीच्या ताई, सगळे जिथे आहेत तिथेच ठेवून दार उघडणार. पलंगामागचा ढीग दिसू दे. कुणी आलंच आणि विचारलं, की हे अण्णा कोण, तर निदान अण्णांचा पत्ता तरी देता येईल मला. कुणी आलं नाही तर नाही. आणि आलेल्याने पहिल्यांदा 'अविनाश' हा भाग बिनकामाचा आहे, काढून टाकू का, असं विचारलं, तर मी काय म्हणेन ते मला ठाऊक नाही.

उद्याचं मात्र ठाऊक आहे, आणि तेवढं तुला कबूल करतो. कुठे काय टाकायचं ते ऋतुजाने मला दाखवून ठेवलंय. पहाटे उठून चहा करीन, एका हातात तुझा फोन घेऊन बसेन, आणि अण्णांचा राम राम आला की त्यांची पाने कशी आहेत ते मी आत टाकीन. मग तुझा मेसेज जाऊ दे. तो बरोबर जाईल की चुकेल, मला सांगता येत नाही. पण अण्णांचं ऐकून जाईल.

तुझा, थांबलेला,
अविनाश